पंधरा मिनिटांची पेठ

"घळसासी, मी तुम्हाला दरिद्री दिसतो का?"

तोडकर आण्णा वाचनालयाच्या दारात उभे राहून हे विचारत होते आणि त्यांच्या हातात एक पिवळं कार्ड होतं. मी एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होतो. ब्रश तसाच वाटीत ठेवून मी उठून उभा राहिलो. आण्णा दोनदा नगरसेवक झाले होते आणि पेठेतली पिठाची गिरणी त्यांची होती, पण मी त्यासाठी उठलो नव्हतो. कुणीही मोठ्यानं बोललं की मी उठतो. लहानपणापासूनची सवय आहे.

"नाही आण्णा. छे."

"मग मला पिवळं का? ती हौसाबाई, रस्त्यावर बसून गवारी विकते, तिला पांढरं! माझ्या साडूला केशरी. तो आता दारात उभं राहून हसतोय मला. नगरपालिकेनं काय ठरवलंय काय?"

मी कार्ड हातात घेतलं. वरती छापलं होतं, 'पायी पेठ योजना: घरटी पाहणी'. खाली नाव, घर क्रमांक, 'आपण रोज पायी कुठे जाता', 'कशासाठी' आणि 'किती मिनिटे लागतात'. मागच्या बाजूला कोपऱ्यात एक छोटी रिकामी चौकट होती. ती चौकट कशासाठी आहे हे सबंध गावात फक्त मला ठाऊक होतं. वाचनालयाचा शिक्का मारण्यासाठी.

ती कार्डं माझी होती.

तीन आठवड्यांपूर्वी नगररचना विभागातल्या खराडे मॅडम माझ्याकडे आल्या होत्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, सावळ्या, चपळ, आणि बोलताना समोरच्याचा हात धरण्याची सवय असलेल्या. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. दूध, दवाखाना, शाळा, भाजी, जे जे रोज लागतं ते पेठेतल्या माणसाला पंधरा मिनिटांत चालत मिळावं. रस्त्याकडेला सलग फरशी, चार बाक, आणि खडकी ओढ्यावर पायी जाण्यापुरता एक पूल. त्यासाठी आधी घरोघर पाहणी करायची होती, आणि कार्डांसाठी पुठ्ठा मागितला तर कार्यालयातून उत्तर आलं होतं की पुढच्या तिमाहीत बघू.

"काका, सहाशे कार्डं हवीत हो मला फक्त," त्या म्हणाल्या होत्या.

आमच्याकडे नुकताच संगणक आला होता आणि सभासदांच्या कोऱ्या कार्डांचे गठ्ठे माळ्यावर पडून होते. मी ते काढून दिले. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. पिवळी बालविभागाची, केशरी महिला विभागाची, पांढरी सर्वसाधारण. एकतीस वर्षं माझ्या लेखी त्या रंगांचा अर्थ तेवढाच होता. आपल्याकडे शेंबड्या पोराला विचारलं तरी ते सांगेल की पिवळं रेशन कार्ड गरिबांचं, केशरी मधल्यांचं आणि पांढरं खात्यापित्या घरांचं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही, एवढंच. पुष्कळ गोष्टी मला वेळेवर सुचत नाहीत.

"सरकारनं पेठेची प्रतवारी लावलीय," आण्णा म्हणाले. "आज रंग दिलाय, उद्या त्या रंगाप्रमाणं फिरायचं. पिवळ्यानं पंधरा मिनिटांच्या पुढं जायचं नाही. गेला की दंड. परदेशात सुरू झालंय हे. माझ्याकडं व्हिडिओ आलाय."

"खरंच सुरू झालंय?"

"त्यात एक माणूस रडत होता घळसासी. परका माणूस आपल्यासाठी खोटं कशाला रडेल?"

सांगून टाकावं, कार्डं माझी आहेत, रंगांना काही अर्थ नाही. तोंड उघडलंसुद्धा. पण आण्णा पुढं झाले आणि खुर्ची ओढून बसले.

"शुक्रवारी सुनावणी आहे, शाळेच्या हॉलमध्ये. योजनेवर हरकत द्यायची. पेठेतले सगळे सह्या करणार आहेत. तुम्ही लिहून द्या. तुमच्यासारखी भाषा कुणाची आहे इथं?"

एकतीस वर्षांत माझ्या भाषेचं कुणी नाव काढलं नव्हतं. मी हो म्हणालो.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मी हरकत लिहून संपवली. सुरुवातीला हात अडखळत होता, पण पुढं मला जाणवलं की मी जे लिहितोय ते मला पटतंय. नगरपालिकेनं फरशा घालाव्यात, दिवे लावावेत. पण मी चालत कुठं जातो आणि कशासाठी जातो, हे नावानिशी लिहून तिला कशाला हवं? मालतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाकरी वाढता वाढता विचारलं, "एवढं काय लिहिताय?" मी म्हणालो, "अर्ज आहे एक." ती पुढं काही बोलली नाही. तिचा स्वभावच तसा होता.

लिहून झाल्यावर मी खिशातून माझं स्वतःचं कार्ड काढलं. पांढरं. ते मी आदल्या आठवड्यातच भरून ठेवलं होतं. 'मारुती मंदिर. दर्शनासाठी. सतरा मिनिटे.' मारुतीच्या देवळात मी शेवटचा कधी गेलो होतो ते मला आठवत नव्हतं.

बुधवारी खराडे मॅडम भरलेल्या कार्डांची पिशवी घेऊन वाचनालयात आल्या. चेहरा उतरलेला.

"काका, तुमची पेठ फार धार्मिक आहे."

"का हो?"

"सहाशेतली अडीचशे परत आली. त्यांतल्या एकशे नव्वद जणांनी लिहिलंय, मारुती मंदिर. बाकीचे दवाखाना. आजारी आणि भाविक, दोनच प्रकारची माणसं राहतात इथं."

मी पुस्तकं सारखी करू लागलो.

"आणि ओढ्यापलीकडे कुणीच जात नाही. मी स्वतः उभी राहून बघितलंय. माणसं विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून दगडांवरून जातात. बायका चपला हातात घेऊन जातात. कागदावर मात्र एक नाही! साहेब म्हणाले, कागदावर नसेल तर पूल वगळा, तोच पैसा देवळाच्या रस्त्याला घाला." त्यांनी टेबलावरचा माझा हात धरला. "पलीकडच्या पोरी शाळेला अडीच किलोमीटर वळसा घालून येतात काका. त्या एका पुलासाठी तर मी ही सगळी योजना मांडली होती."

"आणि ते रंगांचं...?"

"साहेबांनी विचारलं, ही अक्कल कुणाची. मी सांगितलं, माझीच."

"अहो, पण..."

"तुम्ही मदत केली होती. तुमचं नाव कशाला घेऊ? फार तर बदली होईल. शुक्रवारी बोंबाबोंब झाली तर योजना मागं घेऊ म्हणालेत, आणि मला दुसरीकडं."

त्या गेल्या. मी पाचचे ठोके पडल्यावर वाचनालय बंद केलं आणि चालू लागलो. देवळाकडे नव्हे. ओढ्याकडे. लोकांनी काय खोटं लिहिलं होतं ते मला नीट कळत होतं, कारण मीही त्यांच्यातलाच होतो. ओढ्यात अकरा दगड आहेत. सातवा डुगडुगतो. तिथं पलीकडून वायदंडे मास्तर येत होते. त्यांच्या बँडचा मोठा ढोल दोघांनी डोक्यावर घेतला होता आणि मास्तर पुढं चालत, एकेक दगड पायानं चाचपून सांगत होते. लग्नाची सुपारी होती.

"सर, पूल होणार म्हणं?" मास्तर म्हणाले. "मागल्या श्रावणात एक ढोल गेला वाहून. आता ह्यो गेला तर पिपाणीवर लग्नं लावायला लागतील."

मी काहीतरी पुटपुटलो आणि डुगडुगत्या दगडावर पाय टाकून भिजलो.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलाशी मुख्याधिकारी, शेजारी खराडे मॅडम. मी खांबाजवळची खुर्ची धरली. मालती बायकांच्या रांगेत बसली होती. तिला मी येऊ नकोस म्हणालो होतो, पण हौसाबाई तिला बोलवायला घरी आली होती.

आण्णांनी हरकत वाचली. मी लिहिलेली वाक्यं आण्णांच्या आवाजात फार भारदस्त वाटत होती. "आमचे पाय आमचे आहेत. ते कोठे जातात हे आम्ही आमच्या बायकोला सांगत नाही, ते नगरपालिकेला का सांगावे?" इथं टाळ्या पडल्या. मी हे वाक्य असं लिहिलं नव्हतं. 'घरच्यांना' असं लिहिलं होतं. पण सुधारणा चांगली होती.

मग आण्णांनी कागद खाली ठेवला आणि पिवळं कार्ड वर धरलं. "आता मला एवढंच सांगा. हे रंग कुणी ठरवले? कुठल्या शहाण्यानं?"

हॉलमध्ये एकच गलका. "सांगा! नाव सांगा!"

खराडे मॅडम उठल्या. त्यांचे ओठ हललेले मला दिसले. त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मी उभा होतो. हा काही धीटपणा नव्हे. गलका झाला की मी उठतो, हे मी आधीच सांगितलंय. मात्र एरवी मी परत बसतो. त्या दिवशी बसलो नाही.

"ती... ती कार्डं माझी आहेत."

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं. कुणीतरी माइक हातात दिला. माइकनं शिट्टी मारली आणि मी तो दचकून दूर धरला.

"वाचनालयाची जुनी कार्डं आहेत. पिवळी पोरांची. केशरी बायकांची. मॅडमना पुठ्ठा मिळत नव्हता, म्हणून मी दिली. गठ्ठ्यात जशी आली तशी वाटली गेली. रंगांना काही अर्थ नाही. चूक माझी आहे. मॅडमना ठाऊकही..."

"म्हंजी," हौसाबाई उठून म्हणाली, "माझं धान्य बंद न्हाई ना होत?"

"नाही मावशी."

"मग बसा की खाली. चार दिस झोप न्हाई मला."

लोक हसले. आण्णा हसले नाहीत. त्यांनी हरकतीचा कागद उचलला. "थांबा. ही हरकत तुम्ही लिहिलीत ना?"

"हो."

"आणि ज्याच्यावर हरकत घेतली ती कार्डंपण तुमची?"

"हो."

"मग तुम्ही आहात कुणाच्या बाजूचे?"

"ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही आण्णा."

आता हॉल मनमोकळा हसला. मुख्याधिकाऱ्यांनी टेबल वाजवलं. ते म्हणाले की रंगांचा विषय संपला, आता योजनेबद्दल बोलू. पाहणीनुसार देवळाचा रस्ता रुंद करण्याची लोकांची इच्छा दिसते, ओढ्यावरच्या पुलाला मात्र मागणी नाही, सबब पूल वगळून...

"साहेब," देवळाचे गुरव उठले. वयानं थकलेले, पण आवाज खणखणीत. "किती जण येतात म्हणालात देवळात?"

"एकशे नव्वद. रोज."

"माझ्याकडं आरतीला चौघं असतात. त्यांतला एक मी आणि एक कुत्रं."

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणता येणार नाही. बाकांवर हात आपटत होते लोक. आणि त्या गदारोळात मला खराडे मॅडमचा चेहरा दिसला. त्या हसत नव्हत्या. कागदावर काही उरलं नव्हतं, आणि कागदाशिवाय पूल होणार नव्हता.

माइक अजून माझ्याच हातात होता.

"कार्डं खोटी आहेत," मी म्हणालो. "माझंही. मीही मारुती लिहिलंय."

आण्णा माझ्याकडे वळले. "मग तुम्ही जाता कुठं?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"काका, नका सांगू," खराडे मॅडम म्हणाल्या. त्या टेबलापुढं आल्या होत्या. "सांगायची काही गरज नाही. आण्णा, तुमचं बरोबर आहे. मी ते विचारायलाच नको होतं. कार्ड छापताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पूल बांधायला मला माणसं मोजायची होती. ती कुठं जातात आणि का जातात, याच्याशी मला काय करायचंय?"

खरं तर मी तिथंच बसायला हवं होतं. मला सुटका मिळाली होती, तीही रीतसर. पण कुणी 'नका सांगू' म्हणालं की माणसाला सांगावंसं वाटतं, हे मला साठीला आल्यावर कळलं.

"ओढ्यापलीकडे," मी म्हणालो. "वायदंडे मास्तरांच्या शेडमध्ये. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडं एक पुस्तक अडकलं होतं, ते मागायला गेलो. त्यांची तालीम चालू होती, आणि एक माणूस कमी होता. त्यांनी माझ्या हातात... म्हणजे क्लॅरिनेट शिकायची इच्छा होती माझी, पण दम पुरत नाही. म्हणून मी खुळखुळा वाजवतो."

"काय वाजवता?"

"खुळखुळा. बँडमध्ये."

कुणीच हसलं नाही. त्यांना खरं वाटलं नसावं. मग मी, का ते देव जाणे, पुढचंही सांगितलं.

"लग्नातसुद्धा. पोशाख आणि टोपी घातली की कुणी ओळखत नाही हो. मला ते बरं वाटतं. आण्णा, तुमच्या कन्येच्या वरातीत डावीकडून तिसरा मी होतो."

आण्णांचं तोंड उघडं राहिलं. "लाल कोट?"

"जरा ढगळ होता."

"अहो, मी तुम्हाला..." आण्णांनी कपाळावर हात मारला. "मी तुमच्याजवळ येऊन ओरडलो होतो! 'ए खुळखुळ्या, हात हलव की जरा, जेवला न्हाईस काय!'"

"हो. मग मी हलवला."

आण्णांना जे हसू आलं ते आधी खांद्यात आलं, मग पोटात. त्यांना खाली बसवावं लागलं. डोळे पुसत ते मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, लिहून घ्या. मीपण जातो पलीकडं. रोज. सून बिनसाखरेचा चहा देते आणि पलीकडच्या टपरीवर..."

"आण्णा, कुठं ते नको!" खराडे मॅडम ओरडल्या. "नाव नको, कारण नको. फक्त हात वर करा. ओढा कोण कोण ओलांडतं?"

आधी चार-पाच हात वर गेले. मग पाठीमागून एक रांग. गुरवांनीसुद्धा हात वर केला. हौसाबाईनं दोन्ही केले. मुख्याधिकारी उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या कारकुनाला मोजता मोजता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मी बायकांच्या रांगेकडे बघितलं आणि मला काही कळेनासं झालं. मालतीचा हात वर होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. हरकत निम्मी मान्य झाली. भरलेली कार्डं ज्याची त्याला परत दिली गेली, आणि त्यानंतर आमच्या पेठेत नाव घालून कुणी चालण्याची पाहणी केली नाही. खराडे मॅडमनी ओढ्याकाठी खुर्ची टाकून एक आठवडा नुसती माणसं मोजली. त्यांची बदली झाली, पण चार वर्षांनी आणि बढतीवर. पूल दीड वर्षानं झाला. त्याचं उद्घाटन आण्णांनीच केलं, आणि भाषणात सांगितलं की सरकारवर नजर ठेवली नसती तर पुलावर फाटक बसलं असतं. मला वाटतं, ते अगदीच चुकीचं नव्हतं. वायदंडे मास्तरांचा बँड पहिल्यांदा त्या पुलावरून वाजत आला, कुणालाही पाण्यात न पाडता. मी पहिल्या रांगेत होतो. कोट मापाचा करून घेतला होता.

पण ते सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी सभा संपली तेव्हा दिवस कलत होता आणि मालती आणि मी घराकडे चालत निघालो. लोक मागून हाका मारून हातानं खुळखुळा वाजवल्यासारखं करत होते. मी मान खाली घालून चालत होतो. दोन वर्षं बायकोपासून लपवलेली गोष्ट मी भर सभेत माइकवरून सांगितली होती.

गिरणीच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा मी विचारलं, "तू कशाला ओलांडतेस ओढा?"

"एकदाच गेले होते. तुमच्या मागोमाग. कुंपणाशी उभी राहिले थोडा वेळ."

"कधी?"

"झालं असेल दीड वर्ष."

"मग बोलली का नाहीस काही?"

"तुम्हाला सांगायचं असतं तर तुम्ही सांगितलं असतं." तिनं पदर खांद्यावरून सारखा केला. "देवळातून आलो म्हणायचात आणि शीळ घालत घरात यायचात. तेवढं पुरे होतं मला."

घराच्या पायरीशी तिनं चपला काढल्या, कुलपाला किल्ली लावली आणि मागं न बघता म्हणाली,

"फक्त तोडकरांच्या वरातीत, तिसऱ्या गाण्याला, ठेक्याच्या मागं पडलात तुम्ही. तेवढं बघा."